टाके निघाल्यानंतरची चौकशी

लातूर

चि. बाळ,

नांदेडास विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शल्यविभागी रुजू झाल्याचे तुझे पत्र पोहोचले. हर्नियाच्या रोग्याविषयी ‘टाके निघाले, बरा होऊन गेला’ असे तू लिहितोस, तेथे मी थबकलो, कारण टाके निघाले म्हणजे रोगी बरा झालाच असे नाही.

इटलीतील बासिनीने १८८० नंतरच्या दशकात स्नायूंना टाके घालून जांघेची भिंत उभारली, तेव्हापासून थेट लिक्टेनस्टाइनने ताणावाचून जाळी बसविण्याची रीत रूढ करीपर्यंत, शल्यवैद्यांचे बहुतेक लक्ष गाठ पुन्हा येते की नाही या प्रश्नावर खिळले होते. जाळीने तो प्रश्न बव्हंशी सोडविला आणि मग ध्यानात आले की गाठ गेली तरी, तीन महिने लोटूनही, सुमारे दहांतील एकास उपद्रव देणारे दुखणे मागे राहते. जांघेतील मज्जातंतू दुखावणे किंवा व्रणात गुरफटणे हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणून ते मज्जातंतू ओळखून जपताना घाई करू नकोस.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हे दुखणे कमी राहते व मनुष्य लवकर कामास लागतो, परंतु तीस बहुधा पूर्ण भूल आणि मुरलेला हात लागतो. दमेकरी म्हाताऱ्यास जागा बधिर करून केलेली उघडी शस्त्रक्रियाच मानवते. पुण्याच्या डॉ. देसर्डांनी जाळीवाचून, रोग्याच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरून रीत बसविली आणि दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी वापरात आणली, हे तुझ्या परक्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागेल.

आमच्या आडतीवर सोयाबीन-तुरीची पोती वाहणारा हमाल तुझ्यापुढे आला, तर त्यास ‘दुखतं का?’ एवढेच विचारू नकोस. खाडा म्हणजे बुडालेली मजुरी हे जाणणारा तो ‘नाही’ असेच सांगेल. पोते पाठीवर घेताना, खोकताना, शौचास उकिडवे बसून उठताना, पंगतीत मांडी घालताना काय होते, आणि दांपत्यसुखात बाधा आहे काय, हे त्यास एकांतात विचार. अमेरिकेतील कॅरोलायनाच्या शल्यवैद्यांच्या हर्नियाविषयीच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत वाकणे आहे, जिना चढणे आहे. पोते मात्र नाही. ते तू घाल.

पोटावरील जुन्या व्रणातून येणाऱ्या हर्नियाची कैफियत निराळी. तो पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक, स्थूलपणा व तंबाखू त्यास पोषक. परंतु पोट लोंबते म्हणून लग्नकार्यास जाणे टाळणारी बाई शस्त्रक्रियेनंतर ताठ उभी राहते, तेव्हा तिच्या जिण्यात पडणारा फरक जांघेच्या रोग्याहून कितीतरी मोठा असतो.

किनवट-माहूरकडचा रोगी फेरतपासणीस आला नाही, की रुग्णालयाचे दप्तर त्यास बरा समजते. वास्तविक एसटीचे भाडे आणि एका दिवसाची रोजंदारी त्यास परवडलेली नसते. तेव्हा त्याचा दूरध्वनी क्रमांक घेऊन तीन महिन्यांनी व वर्षाने तूच चौकशी कर, आणि हेच सारे प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीही विचारून नोंदवून ठेव. नाहीतर पुढच्या जबाबाची तुलना कशाशी करशील?



तुझा,
काका