३००० रुपयांत 'भुतांची संध्याकाळ': वाचनालयाच्या कार्यक्रमातून शिकलेलं धंद्याचं गणित

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत मी म्हणाले होते की कमी पैशात कार्यक्रम कसा करायचा, याचं खरं उदाहरण आकड्यांसकट देईन. आज तेच. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आमच्या गावचं वाचनालय माझ्या स्टेशनरीच्या दुकानापासून चार दुकानं सोडून आहे. शासनमान्य, 'क' वर्गाचं. अनुदान येतं, पण वेळेवर येईलच असं नाही. महिन्याची वर्गणी २० रुपये. ग्रंथपाल काकू एकदा दुकानात झेरॉक्स काढायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पेपर वाचायला माणसं येतात, पण पुस्तकाचं कपाट उघडलंच जात नाही." मला ते फार लागलं. बीबीएची अर्धी तयारी मी त्याच वाचनालयाच्या टेबलावर केली आहे.

कल्पना कुठून आली?

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, आणि गावोगावच्या पब्लिक लायब्ररी त्या निमित्ताने मुलांना बोलावतात. पोरं वेश करून येतात, भुताच्या गोष्टी ऐकतात, गोळ्या घेतात आणि जाताना पुस्तकं नेतात. तिने फोटो पाठवले. मी म्हटलं, हे आपण करायचं!

पण थांबा. इथेच पहिला धडा आहे.

धडा १: नक्कल करू नका, कारण समजून घ्या

तिथे बहुतेक लायब्ररी स्थानिक करावर चालतात आणि गावातल्या माणसाला सदस्यत्व फुकट असतं. त्यांना माणसं आत यायला हवी असतात. आपल्याला माणसं यायला हवीतच, पण वर्गणीही यायला हवी. म्हणजे कार्यक्रम सारखा दिसला तरी हेतू वेगळा.

तारखेचंही तसंच. ३१ ऑक्टोबरच्या आसपास आपल्याकडे बऱ्याचदा दिवाळी असते. २०२४ मध्ये तर त्याच दिवशी नरक चतुर्दशी होती. फराळ सोडून वाचनालयात कोण येणार? म्हणून आम्ही १५ ऑक्टोबर धरला. डॉ. कलामांची जयंती, म्हणजेच वाचन प्रेरणा दिन. वाचनालयाला त्या दिवशी काही ना काही करायचंच असतं.

भोपळ्याचं काय? हॅलोविनचा भोपळा कोरायची पद्धत जिथून आली, त्या आयर्लंडमध्ये लोक पूर्वी सलगम कोरायचे. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सोपा पडला. हाताशी जे आहे ते घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही कुंभाराकडून मडकी आणली, त्यांना डोळे-तोंडाची भोकं पाडून घेतली आणि आत सेलवरचे दिवे ठेवले.

आणि भुतं? ती बाहेरून कशाला मागवायची? मुंजा, हडळ, वेताळ, चकवा, देवचार! शिवाय कपाटात नारायण धारप होते, रत्नाकर मतकरी होते. 'तुंबाड' सिनेमा बघून थरारलेल्या कॉलेजच्या मुलांना त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे माहीतच नव्हतं. आमचा माल गोदामात तयार होता, फक्त काउंटरवर मांडलेला नव्हता.

धडा २: आधी मर्यादा ठरवा, मग यादी करा

काकूंच्या हातात ३००० रुपये होते. मी यादी करायच्या आधीच तो आकडा फळ्यावर लिहिला. झालेला खर्च असा:

- काळा कार्डशीट, पतंगाचा कागद, लाल-हिरवा जिलेटिन कागद, डिंक: ४२० रुपये
- ६ मडकी: २४० रुपये
- सेलवरचे १२ छोटे दिवे: २४० रुपये
- कापूस, दोरा, साबुदाणा, शेवया: २६० रुपये
- पोस्टर आणि शब्दकोड्यांच्या झेरॉक्स: ३१० रुपये
- चहा-चिवडा: ९०० रुपये
- बक्षिसाचे पेन आणि वह्या: ३०० रुपये

एकूण २६७० रुपये. चादरी, टॉर्च, स्पीकर आणि खुर्च्या मागून आणल्या. माझ्या दुकानातला माल मी खरेदीच्या भावात दिला, पण बिल केलं. फुकट दिलेल्या वस्तूचा हिशोब राहत नाही आणि पुढच्या वर्षी बजेट चुकतं.

कापूस हाताने विरळ ताणला की कोळ्याचं जाळं होतं. टॉर्चवर हिरवा जिलेटिन लावला की साधी भिंतसुद्धा भयाण दिसते. एका खोक्याला हात जाईल एवढं भोक पाडून आत भिजवलेला साबुदाणा ठेवला, दुसऱ्यात उकडलेल्या शेवया. वर पाटी: 'हिंमत असेल तर हात घाला.' सगळ्यात लांब रांग तिथेच होती!

एक गोष्ट ठाम सांगते: पणती किंवा मेणबत्ती अजिबात नाही. चारी बाजूंना कागद आणि वर कापूस असताना पेटती वात म्हणजे धोकाच.

धडा ३: गर्दीला कपाटापर्यंत न्या

भीती हे निमित्त, विकायचं होतं वाचन. आम्ही भयकथांची २५ पुस्तकं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली. प्रत्येकावर आमच्या शब्दांत एक ओळ लिहिली, उदाहरणार्थ 'या घरात तिसऱ्या मजल्याचा जिना वर जात नाही.' नाव-लेखक काही नाही. पुस्तक हवं असेल तर आजच सदस्य व्हायचं, तीन महिन्यांची वर्गणी ६० रुपये भरायची आणि घरी जाऊन उघडायचं.

गोष्टी मात्र आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या, त्यांच्या तोंडी आलेल्या. तिकीट लावून एखाद्या लेखकाची अख्खी कथा वाचणार असाल तर आधी परवानगी घ्या. दुसऱ्याच्या मालावर आपण धंदा करत नाही.

धडा ४: विरोध करणाऱ्याला काम द्या

पोस्टर लागल्यावर गावातले एक निवृत्त सर तावातावाने आले. "वाचनालयात भुतं? अंधश्रद्धा पसरवायला निघालात का?" काकू घाबरल्या. मी सरांना म्हटलं, "सर, तुमचं बरोबर आहे. मग शेवटची पंधरा मिनिटं तुम्हीच घ्या." त्यांनी दिवे लावले, खोकी उघडली, साबुदाणा दाखवला, आवाज कुठल्या स्पीकरमधून येत होता ते सांगितलं आणि रात्री रानात माणूस वाट का चुकतो आणि त्याला 'चकवा' का म्हणतो, हे समजावलं. टाळ्या सगळ्यात जास्त त्यांना पडल्या. ग्राहकाची तक्रार म्हणजे कधी कधी फुकट मिळालेला सल्ला असतो.

धडा ५: माझी चूक

आता कबुली. पोस्टरवर मी वय लिहिलं नव्हतं. पाच वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. दिवे गेले, आवाज झाला आणि ती अशी रडली की थांबेना. वडील मला सगळ्यांसमोर बोलले आणि निघून गेले. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी काकू आणि मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली, चित्रांचं एक पुस्तक दिलं. त्यांनी चहा दिला, पण वाचनालयात ते अजून आलेले नाहीत. एक ग्राहक गेला तो गेलाच.

म्हणून पुढच्या वेळी दोन वेळा ठेवा: साडेपाच ते साडेसहा लहान मुलांसाठी, दिवे चालू आणि गमतीची भुतं. सात ते साडेआठ बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी. आणि हे पोस्टरवर ठळक लिहा.

धडा ६: त्या रात्रीचा नाही, तीन महिन्यांनंतरचा हिशोब बघा

प्रवेश मोठ्यांना ३० रुपये, मुलांना २०. आली ३६ मोठी माणसं आणि २२ मुलं. म्हणजे १०८० अधिक ४४०, एकूण १५२० रुपये. खर्च २६७०. तूट ११५० रुपये.

नवे सदस्य १७ झाले. प्रत्येकी ६० प्रमाणे १०२० रुपये. म्हणजे त्या रात्री आम्ही १३० रुपये तोट्यातच होतो! अनामत रक्कम जमा झाली होती, पण ती मी धरली नाही. ती परत द्यायची असते, ती कमाई नव्हे.

एक नवा सदस्य आम्हाला साधारण ६८ रुपयांना पडला आणि त्याने दिले ६०. तो एकदाच आला असता तर सौदा तोट्याचा. जानेवारीत १७ पैकी ११ जणांनी पुन्हा वर्गणी भरली, ६६० रुपये. तिथे आम्ही ५३० रुपये वर आलो. कार्यक्रम यशस्वी झाला तो ऑक्टोबरच्या गर्दीमुळे नाही, तर जानेवारीत परत आलेल्या त्या अकरा जणांमुळे. मधल्या काळात काकू त्या प्रत्येकाला नावाने विचारत होत्या, "ते पुस्तक आवडलं का? मग हे घेऊन जा." हे काम कुठल्याही बजेटमध्ये बसत नाही आणि त्याशिवाय चालत नाही.

तुमचा गृहपाठ

तुमचं बेकरीचं दुकान असो, क्लास असो की पार्लर, एका कागदावर चार ओळी लिहा:

१. माझ्या गोदामात पडून असलेली, पण न मांडलेली गोष्ट कोणती?
२. कार्यक्रमाची खर्चमर्यादा किती?
३. एक नवा ग्राहक मला कितीला पडेल?
४. तो दुसऱ्यांदा यावा म्हणून मी काय करणार?

चौथ्या ओळीचं उत्तर सुचत नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला. मांडव कधीही घालता येतो, आधी ते उत्तर शोधा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब रोज लिहा, आणि जमलं तर आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी भरून या!