हायवे गेला, गिऱ्हाईक कुठून आणायचं?

व्हिडिओत सेलिगमनची गोष्ट घाईत झाली, इथे नीट बघू.

अमेरिकेतला रूट ६६ म्हणजे १९२६ चा शिकागो ते लॉस एंजेलिस हायवे. ॲरिझोनातलं सेलिगमन हे छोटं गाव त्याच्यावरच जगायचं. २२ सप्टेंबर १९७८ ला बाजूने इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि गावातली वर्दळ एका दिवसात आटली. १९८५ मध्ये तर ६६ हा नंबरच रद्द केला.

एंजल डेलगाडिलो यांचं तिथे सलून. १९८७ मध्ये त्यांनी आसपासच्या व्यावसायिकांना जमवून संघटना काढली आणि सेलिगमन-किंगमन पट्टा राज्याकडून 'ऐतिहासिक' जाहीर करून घेतला. १९८८ पासून 'फन रन': जुन्या गाड्या काढायच्या, मित्र घ्यायचे आणि त्याच रस्त्याने निघायचं.

आता धंद्याच्या नजरेने बघा. ज्याला पोचायचंय तो इंटरस्टेटनेच जाणार, त्याच्या मागे पळू नका. पण जुनी मस्टँग घेऊन निघालेल्या चौघांना पोचायची घाई कुठे असते? ते थांबतात, खातात, फोटो काढतात, टी-शर्ट घेतात. रस्ता तोच, गिऱ्हाईक मात्र दुसरं. आणि हे एकट्या दुकानाच्या बोर्डाने झालं नसतं. शेजारचा हॉटेलवाला सोबत लागतोच.

तुमच्या गावाला बायपास होणार असेल, तर आठवडाभर वहीत दोन रकाने भरा: वाटेत दुकान दिसलं म्हणून आलेले किती, आणि वाट वाकडी करून आलेले किती. वही घेऊन पुढच्या व्हिडिओला बसा.