जुन्या घरात इंडक्शन?

प्रश्न : नारायणगुड्यात आमचं १९६०च्या सुमाराचं घर आहे. गॅस सोडून इंडक्शन घ्यावं म्हणतो. वायरिंग झेपेल का?

उत्तर : शेगडीआधी भिंतीतली तार इलेक्ट्रिशियनला दाखवा. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. जुना ५ अँपिअरचा प्लग तापून वितळू शकतो. ओट्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार, १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा) आणि धड अर्थिंग हवंच. गीझर, एसीही असेल तर वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या. आजीची पितळी पातेली मात्र यावर निरुपयोगी. तळाला लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. आणि सिलिंडर इतक्यात परत करू नका. ज्वारीची भाकरी विस्तवावरच नीट फुगते, शिवाय वीजही जातेच.