कोळसा उद्योग आणि कार्बन-तटस्थता

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच भारताने २०२४-२५ या वर्षात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. या दोहोंचा मेळ घालणे हा पर्यावरणाइतकाच अर्थकारणाचा व रोजगाराचाही प्रश्न आहे.

हिशेब कोठे मांडावयाचा?

वातावरणात जेवढा कार्बन सोडला, तेवढाच शोषला अथवा साठविला जाणे म्हणजे कार्बन-तटस्थता होय. १२ किलो कार्बन पूर्णपणे जळाला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजेच कोळशाच्या उत्सर्जनाचा फार मोठा भाग खाणीत नव्हे, तर भट्टीत निर्माण होतो. खाणीभोवती झाडे लावल्याने खाणीचा हिशेब सुधारेल, कोळशाचा नाही.

खाणीतील उपाय

तथापि खाणीतील उपाय दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. हा वायू खोदकामापूर्वीच काढून घेतल्यास तो इंधन म्हणून उपयोगी पडतो. ट्रकऐवजी पट्ट्यावरून कोळसा नेऊन थेट रेल्वेच्या वाघिणीत भरल्यास डिझेल वाचते, धूळही कमी होते. झरिया येथे १९१६ पासून धुमसणाऱ्या आगीसारख्या आगी विझविणे हाही उत्सर्जन रोखण्याचाच मार्ग आहे.

भट्टीतील उपाय

अधिक दाबाची व तापमानाची वाफ वापरणारी संयंत्रे तेवढ्याच विजेसाठी कमी कोळसा जाळतात. मध्य प्रदेशातील खरगोन येथे २०१९ मध्ये असे केंद्र सुरू झाले. राखेचा सिमेंटमध्ये वापर केल्यास तेथील उत्सर्जनही घटते. धुरातून कार्बन वेगळा करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. परंतु ते खर्चिक असून त्यासाठीच बरीच ऊर्जा लागते. म्हणून सौर व पवन ऊर्जा, विजेची साठवण आणि कोळशाच्या वापरात क्रमाक्रमाने घट हाच मुख्य मार्ग राहतो.

भांडवल आणि माणसे

वीजकेंद्राचे आयुष्य अनेक दशकांचे असते. आज दिलेले कर्ज फिटण्यापूर्वीच केंद्र बंद करावे लागले, तर तोटा कर्जदाराइतकाच बँकेचाही असतो. कर्जाच्या छाननीत ही जोखीम धरणे त्यामुळे अगत्याचे आहे. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींविषयीची चौकट १ जून २०२३ पासून अमलात आली असून, अशा ठेवींचा पैसा हरित कामांकडे वळविला जातो.

जर्मनीने दगडी कोळशाच्या शेवटच्या खाणी २०१८ मध्ये बंद केल्या. त्याचा निर्णय २००७ मध्येच झाला होता. कामगारांना नवे कौशल्य व निवृत्ती यांची तयारी करण्यास त्यामुळे अवधी मिळाला. चंद्रपूर, वणी वा धनबाद येथे खाणकामगाराबरोबरच ट्रकचालक, गॅरेजवाला व किराणा दुकानदारही कोळशावरच जगतो. त्यांच्या कर्जफेडीचा आणि मुलांच्या शिक्षणाचा विचार आराखड्यात आधीच झाला, तरच हे स्थित्यंतर न्याय्य ठरेल.