नातवंडे खेळतात तेथे आजी-आजोबांनी जावे

आरोग्याचे पान म्हटले की गोळ्या, तपासण्या आणि पथ्यपाणी यांचीच माहिती असणार, असे पुष्कळांना वाटते. या वेळी आपण खेळाविषयी बोलू. नातवंडे जेथे खेळतात तेथे घरातील आजी-आजोबांनी रोज जावे, खेळ बघावा आणि जमेल तेवढी हालचाल स्वतःही करावी, एवढेच आमचे सांगणे आहे. त्यात लेकरांचे आरोग्य आहे आणि म्हाताऱ्या माणसांचेही.

आपल्या वस्तीतील बहुतेक आजी-आजोबांचा जन्म कष्टात गेला. कोणी गिरणीत, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात, कोणी बांधकामावर राबले. कोणी चार घरची धुणीभांडी केली. अंधारात घर सोडायचे आणि अंधारातच परत यायचे. आपली मुले कधी लगोरी खेळली, कधी गुडघे फोडून घेतले आणि कधी मोठी झाली, हे पाहायला त्यांना सवडच मिळाली नाही. आता मुलगा-सून कामावर जातात आणि नातवंडे आजी-आजोबांपाशी असतात. तेव्हा जे बघायचे राहिले ते आता बघता येते. तरीही अनेक घरांत संध्याकाळी आजोबा कॉटवर, आजी टीव्हीसमोर आणि नातू मोबाइलवर असे चित्र दिसते. माणूस बसून राहिला की सांधे आखडतात, मांड्यांतले बळ जाते, रात्री झोप लागत नाही आणि मन उदास होते.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ आणि २०२० साली याबाबत सूचना दिल्या आहेत. ३-४ वर्षांच्या बाळाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी. त्याच्यासमोर मोबाइल-टीव्ही एक तासाहून जास्त नको. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा खेळ हवा. ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखी हालचाल करावी आणि निदान तीन दिवस शरीराचा तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत.

हे आकडे मोठे वाटतात, पण हिशेब सोपा आहे. मैदान दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर असेल, तर नातवाला नेऊन परत आणले की आजोबांचे वीस-पंचवीस मिनिटे चालणे झाले. भरभर चालवत नसेल त्यांनी आपल्या चालीने चालावे. थोडी हालचालही उपयोगी पडते. जवळ मैदान नसेल तर विहाराचे पटांगण, शाळेचे आवार किंवा गाड्या येत नाहीत अशी गल्लीही चालते.

खेळता खेळता व्यायाम

लंगडीसाठी मुले खडूने रेघ आखतात. खेळ सुरू होण्याआधी आजीने एक हात भिंतीला लावून त्या रेघेवरून चालावे. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सावकाश दहा पावले टाकावीत. याने तोल सुधारतो. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून तोल जपणे फार महत्त्वाचे.

आजोबांनी भक्कम, चाके नसलेल्या खुर्चीवर बसावे. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी. हळूहळू उठून उभे राहावे आणि पुन्हा हळूहळू बसावे, असे आठ-दहा वेळा करावे. मोजायचे काम नातीला द्यावे. तिला गंमत वाटते आणि आजोबांची चुकवाचुकवी चालत नाही. या व्यायामाने संडासात आणि बसमध्ये उठ-बस करणे सोपे जाते. छातीत दुखू लागले किंवा दम फार लागला तर लगेच थांबून बसावे. दुखणे थांबत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयविकार असलेल्यांनी किंवा गुडघे फार दुखणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

जाण्यापूर्वी एवढे पाहा

झिजलेली स्लीपर घालू नये. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावेत. चष्मा आणि पाण्याची बाटली सोबत घ्यावी. उन्हाळ्यात पाच-साडेपाचनंतरच निघावे.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. अचानक दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर कमी झालेली असू शकते. लगेच तीन-चार चमचे साखर खावी किंवा पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी, आणि बरे वाटल्यावर पोटभर काही खावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा. साखरेची पुडी कुठल्या खिशात असते आणि १०८ कसा लावायचा, हे आठ-नऊ वर्षांच्या नातवंडालाही शिकवून ठेवावे.

लेकरू पडले तर

खेळात पडणे-झडणे चालायचेच. 'पळू नको, पडशील' असे सारखे ओरडण्यापेक्षा पडल्यावर काय करायचे ते आपल्याला ठाऊक असावे.

खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. तीत चुना, तंबाखू, टूथपेस्ट किंवा चहापूड भरू नये. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल तर दवाखान्यात दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल विचारावे.

पाय मुरगळला तर तेल लावून रगडू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि पाय उशीवर उंच ठेवावा. पाय टेकवतच नसेल तर हाडाचा फोटो काढून घ्यावा.

नाकातून रक्त आले तर मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता दाबून धरावा. मान मागे टाकू नये. कांदा हुंगवत बसू नये.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, गुंगी, बरळणे किंवा झटके दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नातीलाही खेळू द्या

मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की 'आता पुरे, घरात हात लाव' असे म्हणणारे बहुधा घरातले मोठेच असतात. हाडे आणि स्नायू याच वयात घडतात, आणि खेळाची गरज मुलीला मुलाइतकीच असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ती भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकली. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. प्रत्येक नात विश्वचषकाला जाईल असे नाही. पण 'तिला खेळू दे, भांडी मी घासते आणि तिचा भाऊही घासेल' असे आजी म्हणाली, तर त्या घरात सहसा कोणी मोडता घालत नाही.

घरी परतल्यावर

'जिंकलास का?' असे विचारण्याआधी 'मजा आली का? पाणी प्यालास का?' असे विचारावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. हातपाय धुऊन झाल्यावर पाच-दहा रुपयांच्या चटकदार पुड्याऐवजी भाजलेले चणे, शेंगदाणे-गूळ किंवा केळे द्यावे. अगदी लहान मुलाला अख्खे शेंगदाणे वा चणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्याला कूट करून द्यावा. आपणही त्याच ताटाशेजारी बसावे. मात्र मधुमेह असेल तर गूळ बाजूला ठेवावा. तंबाखूची पुडी आणि मिश्रीची डबी मैदानावर नेऊ नये, आणि जमेल तितक्या लवकर सोडावी. आपण तोंडात काय टाकतो हे लेकरू बघत असते.

येत्या रविवारपासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे बसलात तरी चालेल. पळताना नातवंड मध्येच मागे वळून बघते, आपले माणूस आहे ना म्हणून. तेव्हा तुम्ही तिथे असा.