हिरड्यांतून रक्त आले तरी ब्रश थांबवू नका

"डॉक्टर, ब्रश केला की पोराच्या हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून आठ दिवस ब्रश बंद ठेवलाय." भिंगारच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य वरचेवर ऐकू येते. हेतू चांगला, पण उपाय नेमका उलटा!

निरोगी हिरडी घट्ट असते. दात घासताना तिच्यातून रक्त येत नाही. दात व हिरडी जिथे मिळतात, तिथे जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो निघाला नाही, तर हिरडी लाल होते, सुजते, रक्त येते आणि तोंडाला वास येतो. पुढे त्या थराचे टणक कीटण बनते. ते घरच्या ब्रशने निघत नाही.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या संशोधकाने १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू करताच सूज ओसरली. म्हणजे सुरुवातीचा हा आजार पूर्ण बरा होतो. मात्र दुर्लक्ष झाल्यास दाताखालचे हाड झिजू शकते आणि ते सहसा भरून येत नाही.

काय करावे? मऊ ब्रशने सकाळी व रात्री झोपताना, हिरडीच्या कडेवरून हलक्या हाताने दात घासावेत. ३ वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी व ३ ते ६ वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. साधारण ७-८ वर्षांपर्यंत ब्रश आई-वडिलांनी फिरवावा. मुलांच्या हातून कोपरे राहून जातात.

"हिरड्या घट्ट होतात" म्हणून काही घरांत मुलांच्या हिरड्यांना मिसरी लावतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुलांना ती कधीही लावू नये.

नवा दात येताना हिरडी थोडी सुजते, त्याची काळजी नको. पण नीट ब्रश करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, हिरडीत पू झाला किंवा वयाआधीच दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जावे. रक्तासोबत ताप, फिकटपणा किंवा अंगावर निळसर डाग असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी रक्ताची तपासणी लागते.

आज रात्री झोपण्यापूर्वी उजेडात मुलाचा ओठ उचलून हिरड्या जरूर पाहा.