जुने बॅकअप : राखावे कोणते, पुसावे कोणते

भातसा धरण भरत आलें म्हणजे त्याचे दरवाजे उघडावे लागतात, हें शहापूर तालुक्यांतील लहान मुलासहि ठाऊक आहे. जलाशयांत मावेल तेवढेंच पाणी मावणार. पाऊस तर कोसळतच असतो. परंतु दरवाजे किती व केव्हां उघडावयाचे यास नियम असतात, आणि नदीकांठच्या गांवांस आधीं इशारा दिला जातो. संगणकांतील सांठवणुकीचेंहि असेंच आहे. ती केव्हांतरी भरते; मग जुनें कांहीं काढून टाकल्यावांचून नव्यास जागा होत नाहीं. काय काढावें, आणि काढण्यापूर्वीं काय पाहावें, हा आजच्या पाठाचा विषय होय.

प्रथम बॅकअप म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या हार्ड डिस्कवर आपलीं पत्रें, तक्ते व छायाचित्रें असतात, तसेच संगणक चालविणारे प्रोग्रॅमहि असतात. निवडक फायलींची नक्कल करून ती दुसरीकडे ठेवणें हा बॅकअपचा एक प्रकार. सबंध डिस्कची, तिच्यावरील प्रोग्रॅम, मांडणी व फायली यांसह, हुबेहूब छाप घेऊन ठेवणें हा दुसरा प्रकार. तिला डिस्क इमेज म्हणतात. या पाठापुरतें आम्ही तिला ‘ठसा’ म्हणूं. पहिल्या प्रकारांत डिस्क बिघडली असतां सर्व प्रोग्रॅम नव्यानें घालावे लागतात. दुसऱ्यांत नव्या डिस्कवर ठसा उतरविला कीं, संगणक त्या दिवशीं जसा होता तसा उभा राहतो. हा गुण मोठा खरा. पण ठसा जागाहि तशीच मोठी घेतो.

एक हिशेब करून पाहूं. आपण दुकानांतून १ टी. बी. ची बाहेरून जोडावयाची डिस्क आणतों. कारखानदार प्रत्येक पायरी हजाराची धरतो. विंडोज ती १०२४ ची धरतें. म्हणून तीच डिस्क संगणकावर सुमारें ९३१ जी. बी. ची दिसते. यांत फसवणूक नाहीं. मापें निराळीं आहेत. आतां कचेरीच्या संगणकाचा एक पूर्ण ठसा ११० जी. बी. चा होतो व तो दरमहा घेतला जातो असें समजा. आठ ठशांस ८८० जी. बी. लागतील व ५१ उरतील. नववा मावणार नाहीं. जूनमध्यें शाळा उघडतांना प्रारंभ केला, तर फेब्रुवारींत, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर, डिस्क भरेल. अशा वेळीं कांहीं प्रोग्रॅम सर्वांत जुना ठसा आपण होऊन काढतात. कांहीं नवा ठसा घेण्याचेंच थांबवितात, आणि पडद्यावरील सूचना कोणी वाचली नाहीं तर महिनोन्‌महिने बॅकअप होतच नाहीं.

जागा वांचावी म्हणून दरवेळीं पूर्ण ठसा न घेण्याची युक्ति निघाली आहे. एकदां पूर्ण ठसा घ्यावयाचा, आणि पुढें मागील ठशानंतर जेवढा बदल झाला तेवढाच टिपावयाचा. यास वाढीव ठसा म्हणतात. हे ठसे आगगाडीच्या डब्यांसारखे असतात. पूर्ण ठसा हें इंजिन; पहिला वाढीव ठसा इंजिनास जोडलेला, दुसरा पहिल्यास, तिसरा दुसऱ्यास. आसनगांवाजवळ मधलाच एक डबा सोडविला, तर त्यामागचा एकहि डबा कसाऱ्यास पोहोंचणार नाहीं. आणि इंजिनच काढलें तर सगळी गाडी जागच्या जागीं उभी राहील. दुसरा एक प्रकार फरकाच्या ठशाचा. त्यांत प्रत्येक वेळीं मूळ पूर्ण ठशापासून झालेला सगळा फरक टिपलेला असतो. म्हणून त्याला फक्त इंजिन लागतें, मधले डबे लागत नाहींत. तो दिवसेंदिवस मोठा होत जातो, पण मधला एक गेला तरी पुढच्याचें बिघडत नाहीं.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. आम्हीं तें नुकसान करून घेऊन शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या कचेरीचा संगणक आमच्याकडे सोंपविलेला होता. त्यावर जुन्या जनरल रजिस्टरांची सूची तयार केली होती : मुलाचें नांव, बापाचें नांव, गांव अथवा पाडा, जात, जन्मतारीख, आणि रजिस्टराचें पान. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या त्या कामीं खर्चल्या होत्या. फेब्रुवारींत बॅकअपची डिस्क भरली. आम्हीं फायलींची यादी पाहिली. जी सर्वांत जुनी तीच सर्वांत मोठीहि होती. तीच पुसावी म्हणजे एका झटक्यांत पुष्कळ जागा होईल, असें मनांत येऊन आम्हीं ती पुसली, रिसायकल बिनहि रिकामा केला, आणि काम चांगलें झालें म्हणून समाधान मानलें. ती फाईल म्हणजे इंजिन होतें. पुढें पावसाळ्यांत वीज जाऊन येतांना बसलेल्या धक्क्यानें संगणकाची डिस्क निकामी झाली. उरलेल्या वाढीव ठशांपैकीं एकहि उघडेना.

त्याच आठवड्यांत मुरबाडकडील एका वाडीवरून एक कातकरी गृहस्थ आला. मुलीच्या कॉलेज-प्रवेशासाठीं जातीचा दाखला हवा होता, आणि त्यासाठीं आपल्या वडिलांच्या नांवाचा शाळेंतील उतारा तो मागत होता. अनुसूचित जमातींच्या दाखल्यांस ६ सप्टेंबर १९५० या तारखेचें महत्त्व आहे. त्यापूर्वींची शाळेंतील नोंद मिळाली तर कुटुंबाचा पुष्कळ त्रास वांचतो. सूची असती तर पान पांच मिनिटांत सांपडलें असतें. आतां कपाटांतील रजिस्टरें काढून एकेक पान उलटावें लागलें. वडिलांच्या जन्माचें वर्ष त्याला नक्की ठाऊक नव्हतें, आणि एकाच नांवाचीं मुलें तीन-चार निघालीं. भाताच्या आवणीचे दिवस. मजुरी बुडवून तो तीन दिवस व्हरांड्यांत बसून राहिला. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीं नोंद सांपडली. तो आम्हांस एक शब्दहि बोलला नाहीं. उतारा घडी करून त्यानें खिशांत ठेवला, हात जोडले व तो एस. टी. गांठावयास धांवत गेला. मूळ रजिस्टर कागदाचें होतें म्हणून त्या दिवशीं निभावलें.

अशी चूक मोठमोठ्या ठिकाणींहि होते. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या चित्रपटसंस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ चें काम चाललें असतां, एका चुकीच्या आज्ञेनें त्याच्या फायली भराभर पुसल्या जाऊं लागल्या. बॅकअपची व्यवस्था होती. पण गरज पडल्यावर ती नीट चालत नसल्याचें आढळलें. तेथील गॅलिन सुसमन या बाई तान्ह्या मुलामुळें घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्या आधारें चित्रपट वांचला. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयास आग लागली. तींत माणसें दगावलीं व पुष्कळ कागदपत्रेंहि जळालीं. पहिली गोष्ट सांगते कीं, न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. दुसरी सांगते कीं, मूळ व नक्कल एका छपराखालीं ठेवूं नये.

आतां नियम सांगतों.

पहिला : यादी करावी. प्रत्येक ठसा कोणत्या तारखेचा, किती मोठा, पूर्ण कीं वाढीव, आणि तो कोणत्या ठशावर अवलंबून आहे, हें वहींत लिहावें. फाईलचें नांव व आकार यांवरून अंदाज बांधूं नये.

दुसरा : राखावयाचा ठसा उघडून पाहावा. बॅकअपच्या बहुतेक प्रोग्रॅमांत ठसा एखाद्या डिस्कप्रमाणें उघडतां येतो. त्यांतील चार-पांच फायली उघडून वाचाव्या. वर्षांतून एकदां तो रिकाम्या डिस्कवर उतरवून संगणक चालू होतो कीं नाहीं हेंहि पाहावें.

तिसरा : जुन्या ठशांत असें कांहीं आहे काय कीं जें आतां इतरत्र कोठेंहि नाहीं, हें शोधावें. दोन वर्षांपूर्वीं संगणकावरून चुकून गेलेली फाईल नव्या ठशांत असणार नाहीं, जुन्यांत असेल. ती बाहेर काढून निराळी ठेवावी. दहा जी. बी. च्या फायलींसाठीं ११० जी. बी. चा ठसा अडवून ठेवण्याचें मग कारण राहत नाहीं.

चौथा : आजा, बाप व लेक या क्रमानें ठसे राखावे. शेवटच्या तीन महिन्यांचे तीन ठसे हे लेक. दोन सत्रांच्या अखेरचे दोन हे बाप. मागील दोन वर्षांच्या अखेरचे दोन हे आजे. हे सर्व पूर्ण ठसे असावे. एकूण सात ठशांस ७७० जी. बी. लागतात व ९३१ पैकीं १६१ मोकळे राहतात. म्हणजे आठवा ठसा आधीं घेऊन, तो उघडून पाहून, मगच एक जुना पुसतां येतो. जागा अगदीं संपल्यावर पुसावयास बसणाराच घाईनें चुकतो. सरकारी दप्तरांतहि कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांच्या मुदती ठरविलेल्या असतात. तें शहाणपण येथेंहि लागू आहे.

पांचवा : पुसणें तें बॅकअपच्या प्रोग्रॅममधूनच करावें. साखळींतील ठसे काढतांना कित्येक प्रोग्रॅम उरलेल्यांची जोडणी नीट करून देतात. हातानें एखादी फाईल उचलून टाकली तर त्यांस तें कळत नाहीं. हातानें पुसलेली फाईल बहुधा रिसायकल बिनमध्यें जाते, व तो रिकामा होईपर्यंत जागा मोकळी होत नाहीं. तो रिकामा करण्यापूर्वीं एक दिवस थांबावें.

सहावा : छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं प्रचारांत आणलेला ३-२-१ चा नियम पाळावा. मूळ धरून तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक निराळ्या जागीं. आमच्या भागांत पावसाळ्यांत भिंतींस ओल येते. म्हणून डिस्क कोरड्या डब्यांत, भिंतीपासून दूर ठेवावी.

सातवा : जुनी डिस्क कोणास देण्यापूर्वीं ती कायमची साफ करावी. नुसती पुसलेली फाईल, तिच्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, जाणता मनुष्य पुष्कळदां परत काढूं शकतो. आणि शाळेच्या ठशांत मुलांचे पत्ते व आधार क्रमांकहि असतात.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, आपल्या फोनमधील जागा संपते तेव्हांहि हाच प्रसंग येतो. सातबारा, जातीचा दाखला, गुणपत्रक यांचीं छायाचित्रें लग्नाच्या चित्रफितींबरोबर घाईनें पुसलीं जातात. तीं आधीं दोन ठिकाणीं ठेवावीं, तेथें उघडून पाहावीं, आणि मग फोन मोकळा करावा.

आम्हीं तीं रजिस्टरें पुढील दिवाळीच्या सुटींत पुनः हातीं घेतलीं व सूची पहिल्यापासून केली. आतां तिच्या तीन प्रती आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आम्ही त्यांपैकीं एक उघडतों आणि त्या गृहस्थाच्या वडिलांचें नांव शोधतों. तें सांपडलें म्हणजे मगच जुना ठसा पुसतों.

विद्यार्थ्यांसाठीं उदाहरण : २ टी. बी. ची डिस्क संगणकावर सुमारें १८६२ जी. बी. ची दिसते. एक पूर्ण ठसा १४० जी. बी. चा असल्यास तींत किती ठसे मावतील, आणि नव्या ठशास नेहमीं जागा राहावी म्हणून किती राखावे? (उत्तर : मावतील १३, राखावे १२.)